यशवंतराव चव्हाण : मंत्र्याचं काम कोणतं आणि खुर्चीचं कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १२ मार्चला, यशवंतराव चव्हाणांच्या जयंतीला, गावच्या वाचनालयात अर्धा तास बोलायचं आहे. फोनवर फिरत आलेल्या यादीत त्यांच्या नावावर चाळीसेक कामं आहेत, साखर कारखान्यांपासून रोजगार हमीपर्यंत. आजोबा म्हणतात, असा माणूस पुन्हा होणे नाही. मित्र म्हणतो, जन्मभर कुंपणावर बसला. यातलं खरं काय आणि ते पारखायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

मी बरीच वर्षं विधिमंडळाचं वार्तांकन केलं. पुढे पुरवण्या आणि गौरवग्रंथ यांचं संपादन गळ्यात पडलं. त्या कामात अशा याद्या सारख्या हाताखालून जातात. कार्यकर्ते आणतात, नातेवाईक आणतात, आणि प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की यातलं ठेवायचं काय आणि काढायचं काय. म्हणून सांगतो, आजोबा बरोबर की मित्र, हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. १९५२ पासून १९७७ पर्यंत हा माणूस सलग २५ वर्षं मंत्री किंवा मुख्यमंत्री होता. एवढ्या काळात त्याच्या खात्यात काही ना काही घडणारच. त्याच्या खात्यात घडलं ते कोणतं आणि त्याने घडवलं ते कोणतं, हे वेगळं करता आलं की निम्मं भाषण तयार झालं.

मंत्रालयातले एक निवृत्त उपसचिव म्हणायचे, ‘साहेबांपुढे फाईल येते तेव्हा तिचं लग्न आधीच ठरलेलं असतं, साहेब फक्त अक्षता टाकतात.’ बहुतेक फायलींचं असंच असतं. पण एखादी फाईल मंत्री स्वतः जुळवून आणतो, कधी घरच्यांचा विरोध पत्करून. कारकिर्दीचं मोजमाप करायचं ते अशा फायलींवरून.

त्यासाठी मी तीन तारखा बघतो. विधेयक सभागृहात कधी आलं, अंमल कधी सुरू झाला आणि अर्थसंकल्पात पैसा कधी पडला. या तिन्ही तारखांना माणूस त्याच खुर्चीवर असेल तर श्रेय बिनधास्त द्यावं. एकच जुळत असेल तर जपून. कोनशिलेवरचं नाव मी पुरावा धरत नाही. कोनशिला ज्याची तारीख मिळाली त्याच्या हस्ते बसते.

आता या चाळणीतून तुमची यादी काढू. रोजगार हमी आधी खोडा. ती कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, आणि तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. यशवंतराव त्या वेळी दिल्लीत अर्थमंत्री होते. सिडको १९७० चं, तेही नाईकांच्या काळातलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. हीसुद्धा काढा.

सहकारी साखर कारखानदारीचा धागा जरा गुंतलेला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा कारखाना उभा केला, तेव्हा यशवंतराव मंत्रीही नव्हते. त्यामुळे ‘सहकारी कारखानदारीचे जनक’ वगैरे म्हणू नका. सभेत नगर जिल्ह्यातला एखादा म्हातारा बसलेला असला तर तिथेच अडवेल. मात्र मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी सरकारी भागभांडवल आणि कर्जाला हमी देऊन हा एकट्यादुकट्याचा प्रयोग राज्याचं धोरण केला, हे म्हणता येतं. सुरुवात दुसऱ्यांची, पसारा यांचा. ‘कसेल त्याची जमीन’चंही साधारण असंच. कूळ कायद्यातली मोठी दुरुस्ती आधीचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या सरकारातली. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक ठरायची तारीख, आला तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव होते आणि अंमलबजावणीचं झेंगट त्यांच्या गळ्यात आलं. कमाल जमीनधारणेचा १९६१ चा कायदा मात्र त्यांच्याच सरकारचा.

आता ज्या कामांवर मी ठामपणे त्यांचं नाव लिहीन, ती. महार वतनांसह गावकीची कनिष्ठ वतनं, म्हणजे गावाची कामं पिढ्यान्‌पिढ्या करण्याच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी आणि हक्क, रद्द करणारा १९५८ चा कायदा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात यासाठी विधेयक आणलं होतं. ३० वर्षं हा प्रश्न कुणी ना कुणी टोलवत होतं. राज्य झाल्यावर नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवण्याचा निर्णयही त्यांच्याच सरकारचा, आणि त्यात मतांचा हिशेब असला तरी सवर्ण काँग्रेसवाल्यांची नाराजी ओढवून घेणारा. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांच्या मुलांना फीमाफी, म्हणजे आपली ई.बी.सी. मराठवाडा विद्यापीठ, १९५८. साहित्य संस्कृती मंडळ, १९६०, अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी.

पण अर्धा तासच असेल तर त्यातली दहा मिनिटं मी जिल्हा परिषदेला देईन. ही फाईल त्यांनी खऱ्या अर्थाने जुळवली.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये देशासाठी जो आराखडा दिला, त्यात खरी कामं तालुका पातळीवरच्या पंचायत समितीकडे होती. जिल्ह्याची परिषद देखरेखीपुरती आणि तिच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर. महाराष्ट्राने जून १९६० मध्ये, म्हणजे राज्य होऊन दोन महिने व्हायच्या आत, महसूलमंत्री वसंतराव नाईकांची समिती नेमली आणि हा आराखडा जवळजवळ उलटा केला. अधिकार, नोकरवर्ग आणि पैसा जिल्हा परिषदेकडे. कलेक्टर बाहेर. त्याच्या जागी मुख्य कार्यकारी अधिकारी, सनदी नोकरच, पण निवडून आलेल्या अध्यक्षाच्या सभेला बांधलेला. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते, शेतीचा विस्तार असं बरंच काही सचिवालयातून उठून जिल्ह्याच्या गावी गेलं. कायदा १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून. त्याच वर्षी नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला गेले. तिन्ही तारखा जुळतात, तिसरी जेमतेम.

यात एक तरतूद अशी आहे की ती पहिल्यांदा वाचताना मी थबकलो होतो. आमदार आणि खासदार यांना जिल्हा परिषदेत सदस्य म्हणून जागा नाही. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत ते पदसिद्ध बसत. आता मुख्यमंत्र्याच्या जागी बसून विचार करा. तुमचं सरकार आमदारांच्या मतांवर उभं आहे आणि तुम्ही त्याच आमदारांकडून विधेयक मंजूर करून घेताय, की तुमच्या तालुक्यातली शाळा, रस्ता, बदली आता दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल, आणि तो दुसरा कदाचित पुढच्या निवडणुकीत तुमच्याच तिकिटावर दावा सांगेल. हे करून घ्यायला पक्षावर मांड असावी लागते. १९५७ मध्ये ती त्यांच्याकडे नव्हती. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस वाहून गेली होती आणि खुद्द मुख्यमंत्री कराडमधून थोडक्यात वाचले होते. १९६० नंतर ती मांड आली आणि १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. मंगल कलश आणला म्हणून मिळालेलं भांडवल त्यांनी अशा कामात खर्च केलं, ज्याने स्वतःच्याच आमदारांचं वजन कमी होणार होतं. मोठेपणा कशात, असं कुणी सभेत विचारलंच तर मी यात म्हणेन.

याची दुसरी बाजूही सांगा, नाहीतर आरती होईल. आमदारांनी गेलेलं वजन पुढे दुसऱ्या वाटांनी परत मिळवलं, जिल्हा नियोजनातून आणि आमदार निधीतून. जिल्हा परिषद, जिल्हा बँक आणि कारखाना या तिन्ही ठिकाणी पुष्कळदा तीच चार घराणी दिसू लागली. हे यशवंतरावांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांनी बहुजन समाजातल्या शेतकरी कार्यकर्त्याला सत्तेत आणायचं ठरवलं होतं. भूमिहीन त्या दारातून किती आत येतील, हा प्रश्न मागे राहिला. तरीही याच शिडीवरून विलासराव देशमुख वर आले आणि आर. आर. पाटीलही आले, आणि आबांच्या मागे घराणं नव्हतं.

आता दिल्ली. इथे मोजमाप बदलतं. मुख्यमंत्र्याच्या हातात पक्ष, तिजोरी आणि वेळ असतो. केंद्रातला मंत्री पंतप्रधानाच्या मर्जीवर असतो आणि खातं कधी हलेल याचा भरवसा नसतो. म्हणून केंद्रातल्या कारकिर्दीत मी ‘काय उभं केलं’ यापेक्षा ‘अडचणीच्या घडीला काय केलं’ हे शोधतो.

२१ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे तुम्ही म्हणणारच, म्हणा. पण सह्याद्री पोचला तेव्हा लढाई संपली होती. हाती आलं होतं ते हरलेलं सैन्य आणि आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात एकमेकांशी बोलेनासे झालेले सेनाधिकारी आणि मुलकी अधिकारी. त्यांनी तिन्ही दलप्रमुखांशी नियमित बैठका सुरू केल्या, बढत्या-नेमणुकांतली ढवळाढवळ थांबवली, पाच वर्षांची संरक्षण योजना आखून घेतली. हे काम फोटोत येत नाही. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल त्यांच्याच काळात आला. २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं, पण अहवाल बंदच ठेवला. सरकारने तो आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. मेनन यांना जाहीर झोडपायची आयती संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. सैन्याचं मनोधैर्य सांभाळलं म्हणा की पक्षाची अब्रू झाकली म्हणा. मला दोन्ही दिसतं.

१ सप्टेंबर १९६५ ची दुपार मात्र सविस्तर सांगा. पाकिस्तानी रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले होते. लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांच्या दालनात आले. विमानं वापरायची परवानगी हवी होती, आणि दिवस मावळायच्या आत. १९६२ मध्ये भारताने लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, कारण युद्ध वाढेल ही धास्ती. चव्हाणांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्यात वेळ घालवला नाही, तिथल्या तिथे हो म्हटलं. संध्याकाळच्या आत पठाणकोटहून व्हॅम्पायर उडाली. जुनी, संथ विमानं. त्यातली चार पडली. निर्णयाची किंमत लगेच कळली, तरी तो फिरवला नाही. पुढे ६ सप्टेंबरला लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडण्याचा निर्णय शास्त्रीजींचा, तो यशवंतरावांच्या खात्यात घालू नका. याद्यांमध्ये तो हमखास घातलेला असतो.

गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती भरभर आटोपलीत तरी चालेल. नोव्हेंबर १९६६ पासून गृहमंत्री. पक्षांतराचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यावर नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९६९ चा, पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, म्हणजे त्यांच्या निधनानंतरचा. इथे माझी तारखांची चाळणी त्यांच्या विरुद्ध जाते, तरी हा उल्लेख करण्यासारखा आहे. संस्थानिकांच्या तनख्यांबद्दलच्या वाटाघाटी गृहमंत्री म्हणून त्यांनीच केल्या. जून १९७० मध्ये इंदिरा गांधींनी गृहखातं स्वतःकडे घेतलं आणि यांना अर्थ दिलं. मग बांगलादेशी निर्वासितांचा बोजा, युद्ध, दुष्काळ, तेलाचे भाव. १९७३ चा ५५० कोटींच्या तुटीचा त्यांचा अर्थसंकल्प ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला जातो. त्या वर्षी अर्थमंत्री कुणीही असता तरी आकडे फार वेगळे दिसले नसते, म्हणून यात मी त्यांना श्रेयही देत नाही आणि दोषही जेमतेमच देतो.

आता मित्राचा आरोप. तो उडवून लावू नका, त्यात दम आहे. पण प्रत्येक प्रसंग वेगळा करून बघा.

१९५५ मध्ये फलटणला त्यांनी जाहीर सांगितलं, की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंना निवडीन. लोकांनी त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवलं. याला कुंपण कसं म्हणायचं? ते तर उघडउघड एका बाजूला उभे होते, आणि ती बाजू महाराष्ट्रात अत्यंत नावडती होती. नोव्हेंबर १९५७ मध्ये प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा समितीच्या प्रचंड निदर्शनांतून पंतप्रधानांना सुखरूप गडावर नेण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. राज्य मिळालं ते रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे आणि हुतात्म्यांमुळे, यात शंका नको. पण द्वैभाषिक, म्हणजे मराठी आणि गुजराती भाषकांचं एकत्र मुंबई राज्य, चालत नाही हे नेहरूंना पटवायला ज्याच्या निष्ठेविषयी नेहरूंना संशय नाही असा माणूस आत असणंही कामाला आलं.

१९६९ चं प्रकरण वेगळं. बंगळूरला काँग्रेस संसदीय मंडळात राष्ट्रपतिपदासाठी त्यांनी संजीव रेड्डींच्या बाजूने, म्हणजे इंदिराजींच्या विरुद्ध मत दिलं. मग बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, व्ही. व्ही. गिरी निवडून आले, पक्ष फुटला आणि यशवंतराव इंदिराजींबरोबर राहिले. सिंडिकेटला, म्हणजे पक्षातल्या इंदिराजींविरोधी ज्येष्ठांच्या गटाला, वाटलं दगा दिला, इंदिराजींना आधीचं मत विसरता आलं नाही. कुंपणावरचा हा शिक्का इथला आहे. राष्ट्रीयीकरणासारख्या धोरणात त्यांचा कल आधीपासून डावीकडेच होता, त्यामुळे शेवटी ते जिथे गेले ते विचारांना धरून होतं, असं मला वाटतं. पण बंगळूरचं ते मत का दिलं, याचं समाधानकारक उत्तर त्यांच्या चाहत्यांकडून मला कधी मिळालेलं नाही.

मग १९७९. मोरारजी देसाई पंतप्रधान, यशवंतराव विरोधात. जुलैत मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला तो यशवंतरावांनी. १९४६ मध्ये हेच मोरारजी मुंबई राज्याचे गृहमंत्री होते आणि हेच यशवंतराव त्यांचे संसदीय सचिव. सरकार पडलं, चरणसिंग आले, यशवंतराव उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला सामोरं न जाताच ऑगस्टमध्ये कोसळलं. १९८० मध्ये इंदिरा लाटेतही साताऱ्याने त्यांना निवडून दिलं. पुढच्याच वर्षी ते परत इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, त्याआधी बराच काळ दाराशी ताटकळत.

माझं मत विचाराल तर, त्यांची ठाम समजूत होती की सत्तेच्या बाहेर राहून माणसाच्या हातून काही होत नाही. १९५६ ते ६२ मध्ये ती समजूत महाराष्ट्राच्या उपयोगी पडली, कारण सत्तेत काय करायचं हे त्यांच्याजवळ ठरलेलं होतं. १९६९ नंतर सत्तेत राहणं हेच काम होऊन बसलं.

साधनांबद्दल थोडं. त्यांचं आत्मचरित्र १९४६ पाशी थांबतं, पुढचे भाग लिहून झाले नाहीत. म्हणजे मंत्रिपदाच्या काळाबद्दल त्यांच्या शब्दांत सलग असं काही नाही. सचिवांच्या आणि सहकाऱ्यांच्या आठवणी आहेत, पण त्या प्रेमाने लिहिलेल्या आहेत हे धरून वाचा. सभागृहातली भाषणं जास्त विश्वासाची, कारण समोर एस. एम. जोशी, अत्रे असे लोक बसलेले असत आणि खोटं लगेच पकडलं जाई. लोकसभेतल्या जुन्या चर्चा आता संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. वर दिलेल्या २ सप्टेंबर १९६३ च्या निवेदनापासून सुरुवात करा.

सभेत कुणीतरी आणीबाणीचा विषय काढेलच. तेव्हा गोलमाल बोलू नका. ते परराष्ट्रमंत्री होते, मंत्रिमंडळात राहिले, राजीनामा दिला नाही. एवढं सरळ सांगून पुढे चला. आणि जमलं तर त्याआधी एकदा तुमच्या जिल्हा परिषदेत जाऊन १९६२ च्या पहिल्या सभेचं इतिवृत्त मागून बघा. काही ठिकाणी ते अजून नीट बांधून ठेवलेलं आहे. तुमच्या तालुक्यातून पहिल्यांदा कोण निवडून गेलं आणि पहिल्या वर्षी कुठल्या गावांत शाळाखोल्या मंजूर झाल्या, ही नावं भाषणात आली तर मागच्या रांगेतली माणसंही कान देऊन ऐकतील.